बागेंतील तळें आणि त्याचे मालक

वसंतऋतूविषयीं आमच्या सुशिक्षित वर्गाच्या ज्या कल्पना आहेत, त्यांतील बहुतेक उसन्या आहेत. कांहीं संस्कृत काव्यांतून आलेल्या, कांहीं शाळेंतील इंग्रजी क्रमिक पुस्तकांतून आलेल्या. आपल्या परसांतून आलेली अशी एखादी विरळाच. इंग्रजांचा वसंत म्हणजे थंडीनें आखडलेली जमीन मोकळी होण्याचा, ओल्या मातीचा आणि भरलेल्या डबक्यांचा काळ. आमचा दख्खनचा वसंत नेमका याच्या उलट. पळस, पांगारा आणि कांटेसांवर फुलतात, तेव्हां ओढ्यांचे खडक उघडे पडलेले असतात. एकीकडे पिवळीं पानें गळतात, दुसरीकडे पिंपळाला व करंजाला कोंवळी पालवी फुटते, आणि दोन्ही क्रिया एकाच सुमारास, पुष्कळदां एकाच झाडावर, चाललेल्या असतात. ऋतुसंहारांत कालिदासानें ग्रीष्मापासून आरंभ करून वसंताशीं समाप्ति केली. त्याच्या काव्यांत वसंतानंतर पोथी मिटते. आमच्या देशावर पोथी मिटत नाहीं; पान उलटतें, आणि ग्रीष्म पुन्हा समोर उभा राहतो. म्हणून आमच्या बागेंतील वसंताचा खरा प्रश्न फुलांचा नव्हे, पाण्याचा आहे. चैत्रांत पाणी कोणाला मिळतें आणि कोणाला मिळत नाहीं, यावर त्या बागेंत कोण राहणार हें ठरतें.

हें आज लिहिण्याचें कारण असें कीं, ज्यांच्यापाशीं अंगणापुरती जमीन आहे अशा लोकांत अलीकडे बागेंत तळें करण्याची हौस वाढत आहे, आणि त्याच वेळीं असलेलीं जुनीं तळीं बुजविण्याचा उत्साहहि वाढत आहे. पहिल्या पक्षाचीं तळीं पाहण्यासारखीं असतात. तळाशीं निळ्या फरश्या, चारी बाजू भिंतीसारख्या सरळ, मध्यें विजेवर चालणारें कारंजें, पाण्यांत विकत आणलेले तांबडे-पिवळे मासे, आणि तें पाणी आरशासारखें राहावें म्हणून दर पंधरवड्यास झाडू व पांढरी पूड. दुसऱ्या पक्षाला हा खटाटोपहि नको. त्याला मातीच्या चार गाड्या टाकून वर हिरवळ लावावयाची आहे. हे दोन पक्ष एकमेकांना विरोधी वाटतात. परंतु आमच्या मतें ते सख्खे भाऊ आहेत. तळें हें मालकाचें आहे, त्याच्या डोळ्यांस बरें दिसावें एवढ्यासाठीं तें आहे, आणि बरें दिसेनासें झालें म्हणजे तें नाहींसें करण्याचा त्याला अधिकार आहे, याविषयीं दोघांत मतभेद नाहीं. आमचा वाद या समान गृहीत गोष्टीशींच आहे. आम्ही असें म्हणतों कीं, बागेंत तळें खोदावें आणि खोदल्यावर त्यावरील आपला हक्क सोडून द्यावा. ज्याला हक्क सोडवत नाहीं त्यानें हौद बांधावा. पण त्याला तळें म्हणूं नये.

ही कल्पना आम्हीं शोधून काढलेली नाहीं. आमच्या धर्मशास्त्रांत इष्ट आणि पूर्त असे सत्कर्माचे दोन भाग केले आहेत, व पूर्तांत विहीर, बारव, तळें, अन्नदान, देवालय यांच्याबरोबर बागबगीचाहि घातला आहे. तळें खोदून झालें कीं त्याचा उत्सर्ग करावयाचा, म्हणजे तें पाणी सर्व भूतांसाठीं सोडावयाचें. यापुढें खोदणाऱ्यानेंहि तें वापरावयाचें तें सर्वांपैकीं एक म्हणून. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत या उत्सर्गाला स्वतंत्र प्रकरण आहे. जिज्ञासूंनीं तें अवश्य पाहावें. आम्ही कोणाला विधि करावयास सांगत नाहीं. सर्व भूतें या शब्दांत माणसांच्या जाति बसविण्याचें औदार्य आमच्या पूर्वजांनीं सर्वत्र दाखविलें नाहीं. महाडच्या चवदार तळ्याचें पाणी घेण्यासाठीं १९२७ सालीं सत्याग्रह करावा लागला, हें आम्ही विसरलों नाहीं. परंतु आचार खोटा ठरला म्हणून विचार खोटा ठरत नाहीं. उलट तो विचार पुरता पाळावा एवढेंच त्यावरून सिद्ध होतें. पाणी सर्वांचें म्हटलें म्हणजे तें शेजाऱ्याचें, वाटसरूचें, आणि खारीचें, बेडकाचें व चतुराचेंहि.

आतां आमचे इंग्रजी शिकलेले मित्र म्हणतील कीं, हा जुना भाविकपणा झाला. सुधारलेल्या बागेचे नियम निराळे. त्यांच्या समाधानासाठीं आम्ही त्यांच्याच गुरूंकडे वळतों. बेकननें १६२५ सालीं बागांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत कारंज्यांची भरपूर स्तुति आहे. सांचलेल्या तळ्यांना मात्र त्यानें बागेबाहेर काढलें आहे, कारण त्यांनीं बाग रोगट होते आणि माशा व बेडूक वाढतात. कारंजें हवें, तळें नको. निळ्या फरशीचें सगळें शास्त्र या एका मतांत आलें. परंतु बेकनचे देशबांधव पुढें कोठें पोंचले हेंहि पाहिलें पाहिजे. विसाव्या शतकांत इंग्लंडमधील शेतांतलीं व गांवांतलीं असंख्य तळीं बुजलीं, आणि मग त्यांच्या ध्यानीं आलें कीं, त्यांच्या साध्या बेडकाला आतां घरामागच्या बागेंतील डबक्यांचाच मोठा आधार उरला आहे. आज तेथील माळी हिंवाळा सरतांच त्या डबक्यांत बेडकांच्या अंड्यांचे लोळे दिसूं लागण्याची वाट पाहतो, शेजाऱ्याला बोलावून दाखवितो, आणि ज्या बेडकाच्या भयानें बेकननें तळें घालविलें, त्याच बेडकासाठीं तो तळें खोदतो. चारशें वर्षांत गुरूंनीं आपलें मत पालटलें. शिष्य मात्र जुन्या पाठ्यपुस्तकाला चिकटून आहेत.

वाद हवेंतला राहूं नये म्हणून एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. आम्ही राहतों त्या वसाहतींत पूर्वीच्या एका आवारांतील दगडी कांठाचें तळें शिल्लक आहे. मोठें नाहीं, एका बाजूनें उतार असलेलें, अर्धें कुमुदांनीं भरलेलें. तें बुजवून तेथें हिरवळ व कारंजें करावें असा ठराव वसाहतीच्या व्यवस्थापक मंडळानें मांडला असून पुढील सभेंत त्याचा निकाल लागावयाचा आहे. कारणें तीन दिलीं आहेत: डांस, साप आणि पाण्याचा अपव्यय. तोंडीं चौथेंहि सांगतात, तें म्हणजे देखावा गलिच्छ दिसतो. अशा सभा गांवोगांव भरत असतील आणि तेथेंहि हींच कारणें पुढें येत असतील. म्हणून त्यांना क्रमानें उत्तर देतों.

डांसांचा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. ज्या देशांत रोनाल्ड रॉस यांनीं १८९७ सालीं सिकंदराबाद येथें डांस व हिंवताप यांचा संबंध दाखवून दिला, त्या देशांतील माणसानें तरी हंसूं नये. १९११ सालीं डॉ. बेंटली यांनीं मुंबईच्या हिंवतापाची चौकशी केली, तेव्हां शहरांतील विहिरींकडे बोट दाखविलें गेलें आणि कित्येक विहिरी बंद झाल्या. त्यावर केवढा क्षोभ झाला, विहिरींशीं लोकांच्या श्रद्धा कशा गुंतल्या होत्या, हें रुस्तम मसानी यांनीं १९१८ सालच्या आपल्या विहिरींवरील पुस्तकांत नोंदून ठेवलें आहे. त्या काळच्या बंदिस्त, अंधाऱ्या विहिरींत डांसांची पैदास होत होती, यांत शंका नाहीं. परंतु ज्या डेंग्यूच्या नांवानें आज आमचें तळें बुजावयाचें आहे त्याचा डांस कोठें वाढतो? तो दिवसा चावणारा, घराशीं सलगी करणारा डांस आहे. कुंडीखालची बशी, गच्चीवरचें उघडें पिंप, कूलरची टांकी, टाकून दिलेला टायर, नारळाची करवंटी, हीं त्याचीं माहेरघरें. अंड्यापासून उडता डांस होण्यास त्याला उन्हाळ्यांत आठदहा दिवस पुरतात, आणि त्याचीं अंडीं कोरड्या बशीला चिकटून कित्येक महिने तग धरतात. तेव्हां ठराव मांडणाऱ्या सभासदांनीं प्रथम आपापल्या सज्जांतील कुंड्यांखालीं वांकून पाहावें, ही आमची नम्र सूचना आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. डांसाला पाणी हवें असतें हें खरें. पण त्याला असें पाणी हवें असतें कीं, ज्यांत त्याच्या पिल्लांना खाणारें कोणी नाहीं. जिवंत तळ्यांत चतुराचीं पिल्लें तळाशीं दबा धरून असतात, पाणकिडे असतात, वरच्या थरांत डोक्यावर रुपेरी ठिपका मिरविणारे आपल्या ओढ्यांतले लहान मासे असतात. त्यांच्या तावडींतून डांसाची अळी क्वचितच सुटते. आतां हें तळें उपसा, घांसा, पांढरी पूड टाका आणि नवें पाणी भरा. खाणारे सगळे मेले किंवा गेले; डांसाची मादी मात्र दुसऱ्याच संध्याकाळीं हजर. चतुराला पुन्हा येऊन, अंडीं घालून, पिल्लें वाढवावयास आठवडे लागतात; डांसाला दहा दिवस. म्हणजे आमचे नीटनेटके मित्र ज्याला स्वच्छता म्हणतात, ती डांसांना दिलेली मोकळीक होय. ओस घरांत चोर शिरतात, नांदत्या घरांत नाहीं.

कोणी म्हणेल, मग बाहेरून डांसखाऊ मासे आणून सोडा. हाहि प्रयोग जुना आहे. अमेरिकेंतील गॅम्बूसिया नांवाचा मासा १९२८ सालीं इटलीहून हिंदुस्थानांत आणला गेला आणि तळ्यांविहिरींतून सोडला गेला. तो डांसांच्या अळ्या खातो, पण तेवढ्यावर थांबत नाहीं. बेडकांचीं अंडीं, कोंवळे भेंकरे, चतुराचीं पिल्लें, म्हणजे डांसांचे जे जे वैरी त्यांचीं लेंकरेंहि तो खातो. जगांतील अत्यंत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवांच्या यादींत तज्ज्ञांनीं त्याला बसविलें आहे. बागेंतलें तळें पावसाळ्यांत भरून वाहतें आणि वाहिलेलें पाणी ओढ्याला मिळतें. तेव्हां हौसेनें सोडलेला मासा आपल्या कुंपणाच्या आंत राहील अशी समजूत कोणी करून घेऊं नये. हीच गोष्ट जलपर्णीची. तिचीं जांभळीं फुलें पाहून कोणा हौशी माणसानें ती दक्षिण अमेरिकेंतून हलविली. आज आमच्या नद्यांवर तिचे गालिचे पसरतात आणि ते काढण्यासाठीं नगरपालिकांना दरवर्षीं यंत्रें लावावीं लागतात. कुमुद, कमळ, कांठाला वेखंड, एवढें आपलें असतांना परक्यांपुढें हात कां पसरावा?

सापाविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. तळ्याशीं दिसतो तो बहुधा दिवड. तो बिनविषारी असून मासे व बेडूक खाऊन राहतो. डिंवचल्यास चावतो, एरव्हीं पाण्यांत सरकून जातो. विषारी साप माणसाच्या वस्तींत येतो तो मुख्यतः उंदरांमागें, आणि उंदीर येतात ते आम्ही टाकलेल्या खरकट्यामागें. तळें बुजवून तो मार्ग बंद होत नाहीं. कचऱ्याचा उकिरडा हलवून होतो. लहान मुलांच्या जिवाची काळजी मात्र खरी आहे. ज्या घरांत रांगतें मूल आहे तेथें तळ्यावर पाण्याच्या थोडी वर लोखंडी जाळी बसवावी किंवा कठडा घालावा. त्यांत कसूर नको. पण जाळीखालूनहि चतुर व बेडूक जातात-येतात. बुजविण्याचें कारण तेंहि नव्हे.

राहिला पाण्याचा अपव्यय. उन्हाळ्यांत ज्या शहरांत टँकर फिरतात तेथें हा प्रश्न विचारलाच पाहिजे. म्हणून त्याचा हिशेबच करूं. आठ फूट लांब व सहा फूट रुंद असें तळें घ्या. चैत्र-वैशाखांत दख्खनच्या उन्हानें रोज सेंटिमीटरभर पाणी उडतें असें धरलें, तर सुमारें पंचेचाळीस लिटर, म्हणजे मोठ्या तीन बादल्या झाल्या. अर्धें तळें झाडाच्या सांवलींत असेल तर त्याहून कमी. रबरी नळीनें मोटार धुणारा गृहस्थ एवढें पाणी चारपांच मिनिटांत सहज रस्त्यावर सोडतो. आणि त्या जागीं जी हिरवळ लावावयाची आहे, ती काय उपाशी राहणार आहे? हिरवळीला रोज पाणी लागतें, आणि त्या पाण्यावर एक चिमणीहि आंघोळ करीत नाहीं. आमच्या आजीच्या पिढीला अपव्यय ठाऊक नव्हता. मोरीचें पाणी अळवाला, तेथून केळीला आणि उरलेंसुरलें कर्दळीला जात असे. ती शिस्त पुन्हा लावा, म्हणजे तळ्याच्या तीन बादल्यांसाठीं कोणाच्या तोंडचें पाणी पळणार नाहीं.

आणि त्या तीन बादल्यांच्या मोबदल्यांत काय मिळतें? चैत्रांतील एखाद्या सकाळीं तळ्याच्या उतारावर अर्धा तास स्वस्थ बसून पाहावें. तांबट पक्ष्याची ठकठक चाललेली असते. दयाळ भल्या पहांटेपासून शेंड्यावर बसून गातो. बुलबुल जोडीनें येतात, पोटापर्यंत पाण्यांत शिरून पंख झाडतात. साळुंक्या भांडतात. खार कांठावर उलटी होऊन पिते. तपकिरी ढोकरी, जी हिंवाळाभर मळकट पोत्यासारखी बसलेली असते, ती याच दिवसांत पाठीवर तांबूस-किरमिजी पिसारा धारण करते. दुपारीं ऊन तापलें कीं चतुर आपापल्या बोरूवर पहारा करतात. दिवेलागणीला वटवाघळें पाण्याला ओठ लावून उडतां-उडतांच पितात. हें सर्व ज्यानें पाहिलें, त्याला बागेंत आणखी कसला देखावा हवा असतो, हें आम्हांस कळत नाहीं.

गलिच्छपणाच्या आक्षेपाचें उत्तर येथेंच आहे. निरोगी तळ्याचें पाणी काचेसारखें नसतें. त्यांत शेवाळ असतें, तळाला गाळ असतो, कुजकीं पानें असतात. त्या गाळांतच पुढच्या पावसाळ्याची बेगमी असते. आमच्याकडे मे महिन्यांत तळें संपूर्ण उपसून पावसाळ्यासाठीं 'तयार' करण्याची चाल आहे. ज्या दिवसांत दुसरीकडे कोठें पाणी नाहीं, नेमकें त्याच दिवसांत हें एक ठिकाण कोरडें करावयाचें, याला काय म्हणावें? इंग्लंडांतील बेडूक वसंतांत अंडीं घालतो. आमचा मोठा पिवळा बेडूक वसंतांत जमिनींत निजलेला असतो आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या सरींनीं जागा होऊन उथळ पाणी शोधतो. त्याच्या तंगड्यांची परदेशीं निर्यात एके काळीं इतकी बोकाळली कीं, अखेर १९८७ सालीं सरकारला ती बंद करावी लागली. सरकारनें ताटांतून वांचविलेला बेडूक आम्हीं झाडूनें मारावा काय? गाळ काढणें असेल तर पावसाळा संपल्यावर, थंडीच्या आरंभीं काढावा. एका वेळीं अर्ध्याच भागाचा काढावा. काढलेला गाळ एक रात्र कांठावरच राहूं द्यावा, म्हणजे त्यांतील जीव परत पाण्यांत जातील. मग तो मोगऱ्याच्या अळ्यांत घालावा. नळाचें पाणी भरणें असेल तर दिवसभर उघड्या पिंपांत ठेवून मग थोडथोडें घालावें. आणि फाल्गुन-चैत्रांत गळणारा पाचोळा जाळूं नये. झाडांच्या बुंध्याशीं पसरावा, म्हणजे ओल टिकते आणि बेडकाला दिवसा दडावयास जागा मिळते. माळ्याचें नित्याचें काम याहून फारसें अधिक नाहीं. एक बाजू उथळ व उतरती, मध्यें दोनएक फूट खोली, कांठाला थोडी झुडपें, आणि पुढें शक्य तितकें स्वस्थ बसणें. स्वस्थ बसणें हेंच आमच्या लोकांना सर्वांत जड जातें!

आमच्या शहरांनीं हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर एकदां करून पाहिला आहे. मुंबईंत धोबी तलाव आहे, तलाव नाहीं. गोवालिया टँक आहे, टँक नाहीं. दोन टांक्या आहेत, त्यांतील एकींतहि पाणी नाहीं. पुण्याचा तळ्यांतला गणपति आपलें नांव सांभाळून आहे, पण ज्या विस्तीर्ण तळ्यांत तो होता तेथें आज लोक हिरवळीवर बसून भेळ खातात. ज्यांनीं हीं तळीं बुजविलीं तेहि आरोग्य, सोय आणि शोभा हींच नांवें घेत होते. त्यांतील कांहीं तेव्हां अपरिहार्य असेल. पण त्या शहरांत डांस नाहींसे झाले असें मात्र कोणी म्हणूं शकणार नाहीं. पाणी गेलें, डांस राहिले; एवढा धडा स्पष्ट आहे.

मोठे तलाव परत आणणें आमच्या हातीं नाहीं. परसांतील आठ फुटांचें तळें आहे. ज्यांच्या वसाहतींत असें एखादें शिल्लक असेल त्यांनीं सभेस जावें, ठराव हाणून पाडावा, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या तळ्याला हात लावूं नये. ज्यांच्याकडे नसेल त्यांनीं पुढचा पाऊस पडण्यापूर्वीं खोदून ठेवावें. पावसाचें पाणी फुकट आहे. चतुर, बेडूक आणि बुलबुल बोलावण्याची वाट पाहत नाहींत. खोदणाऱ्यानें एवढेंच करावें कीं, कुदळ धुऊन ठेवतांना मनाशीं म्हणावें: हें आतां माझें नव्हे. असें म्हणणाऱ्याच्याच बागेंत खरा वसंत येतो. इतरांच्या बागेंत फक्त मार्च महिना येतो.